गोल्फ कार्टला नवा कंट्रोलर जोडताना

४८ व्होल्टची गोल्फ कार्ट चढावर दम टाकते, मागच्या सीटवर दोन माणसं बसली की आणखीच मंदावते. मग मूळचा २५०-३०० अँपचा कंट्रोलर उतरवून ४०० किंवा ५०० अँपचा चढवायचा, हा नेहमीचा उपाय. काम दिसायला सोपं आहे: चार बोल्ट, पाच-सहा जाड केबल, मूठभर बारीक वायरी. तरीही नवे कंट्रोलर जळतात. जळालेला उघडला तर आत मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) फुटलेले दिसतात, पण त्यांना फोडणारं कारण बहुधा बाहेर असतं: चुकीच्या जातीची मोटर, प्रीचार्ज रेझिस्टर नसलेला सोलेनॉइड (बॅटरीची वीज कंट्रोलरला जोडणारा-तोडणारा मोठा विजेचा स्विच), नाहीतर केबलच्या टोकाचं अर्धवट दाबलेलं थिंबल. म्हणून इथे सगळा भर त्या बाहेरच्या गोष्टींवर आहे.

या गाड्यांचं माहेर अमेरिकेत. ई-झी-गो आणि क्लब कार या दोन्ही जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा परिसरातल्या, आणि तिसरी यामाहा. आपल्याकडे रिसॉर्ट, गोल्फ क्लब आणि मोठ्या कॅम्पसवर फिरणाऱ्या जुन्या कार्टांतही या तिघींच्या गाड्या सापडतात, त्यामुळे खालची उदाहरणं त्यांचीच आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. कंट्रोलर हा बॅटरी आणि मोटर यांच्यामधला अतिवेगवान स्विच आहे. सेकंदाला साधारण १५ ते १८ हजार वेळा तो चालू-बंद होतो. कार्ट जागेवरून हलत असताना तो समजा २५ टक्केच वेळ चालू आहे. तेव्हा मोटरमधून ४०० अँप वाहत असले तरी बॅटरीतून सरासरी १०० अँपच निघतात. उरलेल्या वेळात मोटरचा करंट कंट्रोलरमधल्या फ्रीव्हील डायोडमधून गोल फिरत राहतो. म्हणजे सगळ्यात जास्त करंट बॅटरीच्या केबलमध्ये नसतो, मोटरच्या वर्तुळात असतो: कंट्रोलरच्या बी प्लस टर्मिनलपासून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच, फील्ड (मोटरच्या स्थिर भागावरचं वेटोळं) आणि परत कंट्रोलरचं एम मायनस टर्मिनल. कंट्रोलरच्या डब्यावर छापलेले ४०० अँप हे मोटरचे अँप असतात. अपग्रेड करताना बॅटऱ्यांमधल्या पट्ट्या नव्या जाड घालायच्या आणि मोटरकडच्या चार केबल जुन्याच ठेवायच्या, हे सर्रास होतं, आणि ते नेमकं उलटं आहे. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर एकदा बॅटरीच्या केबलवर आणि एकदा एम मायनसच्या केबलवर लावून चढावर सावकाश निघा. फरक लगेच दिसेल.

आधी मोटर ओळखा

कंट्रोलर विकत घेण्याआधी मोटर कोणत्या जातीची आहे ते ठरवा. गाडीच्या वयावरून किंवा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नका, कारण जुन्या गाड्यांत मोटर बदललेली असू शकते.

सीरिज मोटरला चार जाड स्टड असतात, ए१, ए२, एस१, एस२, चौघंही सारख्याच जाडीचे, आणि चौघांवर सारख्याच जाड केबल. आर्मेचरचा सगळा करंट फील्डमधूनही जातो म्हणून हे असं. अशा गाडीत सीटखाली किंवा दोन सीटच्या मधोमध तांब्याचे कॉन्टॅक्ट असलेला भलामोठा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच असतो. सेपेक्स मोटरला (हिच्या फील्डला वेगळा करंट मिळतो) ए१ आणि ए२ जाड, पण एफ१ आणि एफ२ बारीक, आणि त्यांवरच्या वायरीही बारीक. तिथे दिशा बदलण्यासाठी फक्त एक छोटा रॉकर स्विच असतो, कारण फील्डची दिशा कंट्रोलर स्वतः उलटवतो. मोटरच्या शेपटीला तीन वायरींचा स्पीड सेन्सर दिसला तर ती सेपेक्स असण्याची दाट शक्यता. ई-झी-गोच्या पीडीएस गाड्या आणि क्लब कारच्या आयक्यू गाड्या या वर्गातल्या.

मीटरने खात्री करायची तर मोटरच्या सगळ्या केबल सोडवा. सीरिजच्या एस१-एस२ मध्ये साधा मल्टिमीटर जवळजवळ शून्य दाखवेल, प्रोब एकमेकांना टेकवल्यासारखं. सेपेक्सच्या एफ१-एफ२ मध्ये ओहमच्या घरात स्पष्ट वाचन येतं. दोन्ही प्रकारांत आर्मेचरचा स्टड आणि फील्डचा स्टड यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये, आणि कोणताही स्टड मोटरच्या बॉडीला लागलेला नसावा. बॉडीला लागलेली मोटर नवा कंट्रोलर मारेल, तिथेच थांबा.

सेपेक्स मोटरला सीरिजचा कंट्रोलर जोडला तर बारीक तारेच्या फील्डमधून आर्मेचरचा करंट जाऊ पाहतो आणि फील्ड करपतं. उलटं केलं, सीरिज मोटरला सेपेक्सचा कंट्रोलर, तर कंट्रोलरच्या फील्ड आउटपुटला ते जवळजवळ शॉर्ट दिसतं. चांगला कंट्रोलर फॉल्ट देऊन थांबतो, साधा जळतो.

तिसरी जात एसी. तीन फेज केबल यू, व्ही, डब्ल्यू आणि मोटरच्या टोकाला एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते कंट्रोलरला सांगणारा सेन्सर. इथे फेजचा क्रम आणि एन्कोडर एकमेकांशी जुळला पाहिजे. न जुळल्यास मोटर गुरगुरते, थरथरते, भरपूर अँप ओढते पण फिरत नाही. २००८ साली आलेल्या ई-झी-गो आरएक्सव्हीत एसी मोटर तर आहेच, शिवाय तिच्यावर बसलेला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकही आहे. नव्या कंट्रोलरला त्या ब्रेकसाठी आउटपुट नसेल तर तो कंट्रोलर त्या गाडीसाठी नाही.

जाड केबलांचा रस्ता

काम सुरू करण्याआधी रन-टो (चालवणे-ओढून नेणे) स्विच असेल तर टो वर. चावी बंद, हातातली अंगठी-घड्याळ काढलेलं, पान्यांच्या दांड्यांना टेप. मग बॅटरी पॅकची मुख्य मायनस केबल आधी सोडा. कंट्रोलरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते, त्यामुळे किमान ९० सेकंद थांबा आणि बी प्लस-बी मायनसमध्ये मीटर लावून व्होल्टेज खाली गेल्याचं बघा. जुन्या प्रत्येक केबलवर टेप लावून नाव लिहा आणि फोटो काढा. विशेषतः फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचच्या मागच्या चार केबलांचे, कारण काही गाड्यांत फील्ड उलटवलं जातं, काहींत आर्मेचर.

सीरिज गाडीतला रस्ता असा: पॅकचा प्लस, मग फ्यूज, मग सोलेनॉइडचा एक मोठा स्टड. सोलेनॉइडच्या दुसऱ्या मोठ्या स्टडपासून कंट्रोलरचा बी प्लस. तिथूनच मोटरकडे: आर्मेचर, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच, फील्ड, पुन्हा स्विच, आणि शेवटी कंट्रोलरचा एम मायनस. कंट्रोलरचा बी मायनस थेट पॅकच्या मायनसला. कर्टिस १२०४ किंवा १२०५ सारख्या कंट्रोलरवर ए२ नावाचा चौथा बारही असतो. जुन्या कंट्रोलरच्या ए२ वर केबल असेल आणि नव्यावर तो बारच नसेल, तर अंदाजाने ती दुसरीकडे कुठे लावू नका, नव्या कंट्रोलरच्या आकृतीत तिचं काय करायचं ते दिलेलं असतं.

सेपेक्समध्ये रस्ता आणखी आखूड. बी प्लसवरून ए१, ए२ वरून एम मायनस, आणि एफ१, एफ२ या दोन बारीक वायरी थेट कंट्रोलरला. जोडणीनंतर दिशेचा स्विच पुढे टाकल्यावर गाडी मागे जात असेल तर एफ१ आणि एफ२ ची अदलाबदल करा. जाड केबलांना हात लावायची गरज नाही. ही चूक ओळखायची खूणही सोपी आहे: रिव्हर्सचा वेग कंट्रोलरमध्ये कमी ठेवलेला असतो, त्यामुळे गाडी पुढे रेंगाळते आणि मागे सुसाट जाते.

४८ व्होल्टच्या क्लब कारमध्ये १९९५ पासून ऑनबोर्ड कॉम्प्युटर, म्हणजे ओबीसी, आला. चार्जिंगचा हिशेब तो ठेवतो. लिथियम पॅक किंवा दुसरा चार्जर लावणार असाल तर पॅकच्या मायनसवरून कंट्रोलरच्या बी मायनसला थेट जाड केबल टाकावी लागते, ओबीसीतून गेलेली जुनी केबल त्या कामाची नाही. पण चार्जरची पिन लागलेली असताना गाडी न हलण्याची सोयही त्याच वेळी जाते. ती रिलेने किंवा नव्या चार्जरच्या इंटरलॉक वायरीने परत बसवा. चार्जिंगची वायर ओढत निघालेली गाडी सॉकेटसकट बरंच काही उपटून काढते.

फ्यूज प्लसच्या पोस्टपासून जितका जवळ तितका चांगला. इथे एक सापळा आहे. कार ऑडिओच्या दुकानात मिळणारे एएनएल फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचे असतात. ४८ व्होल्टच्या पॅकवर तो उडाला तर आतली ठिणगी विझेलच असं नाही, विशेषतः लिथियम असेल तर. डीसी व्होल्टेज छापलेलं बघून घ्या. क्लास-टी फ्यूज महाग असतो, पण इथे त्याचीच जागा आहे.

सोलेनॉइड आणि प्रीचार्ज

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कॅपॅसिटर असतात. ते रिकामे असताना सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट फटकन जुळले तर क्षणभर पॅकमधून शेकडो अँपचा लोंढा त्यांच्यात शिरतो. सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, पृष्ठभाग वितळतो, आणि काही दिवसांनी कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसतात. मग चावी बंद केली तरी कंट्रोलरला वीज मिळतच राहते.

यासाठी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या स्टडांमध्ये एक रेझिस्टर लावतात, २५० किंवा ४७० ओहम, १० वॉटचा. त्यातून कॅपॅसिटर सावकाश भरतात आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जुळतात तेव्हा दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच व्होल्टेज असतं. १० वॉटच का, हे गणित करून बघा: ४८ चा वर्ग भागिले २५० म्हणजे ९.२ वॉट. पुढे कुठे शॉर्ट असेल तर रेझिस्टरला एवढी उष्णता सतत सोसावी लागते. पाव वॉटचा रेझिस्टर लावला तर तो गुपचूप उघडा पडतो, म्हणजे आतून तुटतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तपासणी मीटरने करता येते आणि ती खूप काही सांगते. पायडल न दाबता, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट सुटलेले असताना, दोन मोठ्या स्टडांवर प्रोब धरा. पॅक नुकताच जोडला असेल तर आकडा ४८ च्या आसपास सुरू होऊन काही सेकंदांत घसरत एक-दोन व्होल्टवर यावा. पूर्ण शून्यावर येत नाही, कारण कंट्रोलरचं लॉजिक थोडा करंट खात असतं. आकडा ४८ वरच अडकला तर रेझिस्टरला बोट लावून बघा. थंड असेल तर रेझिस्टर उघडा पडलाय. चटका बसण्याइतका गरम असेल तर पुढे शॉर्ट आहे, बहुधा कंट्रोलरचे मॉस्फेट गेलेत. सीरिज गाडीत ही परीक्षा स्विच फॉरवर्डला ठेवून करा. न्यूट्रलमध्ये मोटरचं वर्तुळच तुटलेलं असतं, त्यामुळे मेलेला कंट्रोलरही ठणठणीत दिसतो. आणि आकडा वीस-पंचवीसवर लटकला तर सोलेनॉइडच्या पुढच्या बाजूला कोणीतरी वीज खातंय. पुष्कळदा तो लाइट-हॉर्नसाठी बसवलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर निघतो. त्याला फ्यूजसह पॅकच्या दोन टोकांवरून स्वतंत्र फीड द्या. आणि १२ व्होल्ट हवेत म्हणून पॅकमधल्या दोन बॅटऱ्यांवरून वायर काढण्याचा शॉर्टकट कधीच घेऊ नका. त्या दोन बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात आणि पूर्ण पॅक खाली खेचतात.

सोलेनॉइडच्या कॉइलवर एक डायोड लागतो, १एन४००७ पुरेसा. पट्टीचं टोक कॉइलच्या प्लसकडे. उलटा लावला तर चावी फिरवताच सरळ शॉर्ट, आणि लावलाच नाही तर कॉइल सुटताना निघणारा व्होल्टेजचा झटका पायडलच्या मायक्रोस्विचला किंवा कंट्रोलरच्या ड्रायव्हरला हळूहळू खातो. कॉइलचं व्होल्टेजही जुळवा. ३६ व्होल्टची गाडी ४८ वर नेताना जुना सोलेनॉइड तसाच ठेवला तर कॉइलमध्ये पावणेदोन पट उष्णता तयार होते. उलट ४८ ची कॉइल ३६ वर घट्ट ओढत नाही, थडथडते, आणि कॉन्टॅक्ट जळतात.

सीरिज गाडीत सोलेनॉइडची कॉइल पायडलच्या मायक्रोस्विचमधूनच गेली पाहिजे. थेट चावीवर टाकून सोलेनॉइड कायम चालू ठेवायची युक्ती काही जण सुचवतात, म्हणे खटखट आवाज येत नाही. मॉस्फेट जळताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे मोटरला पूर्ण व्होल्टेज सापडतं आणि गाडी पूर्ण जोराने सुटते. त्या क्षणी पायडलवरून पाय उचलल्यावर सोलेनॉइड सुटणं, एवढाच बचाव उरतो. सेपेक्स आणि एसीमध्ये मात्र सोलेनॉइड कंट्रोलर स्वतः चालवतो आणि उतारावर रिजनरेशनसाठी (मोटरनेच वीज बनवून पॅकमध्ये परत पाठवण्यासाठी) तो धरूनही ठेवतो. तिथे कंट्रोलरच्या आकृतीप्रमाणेच चाला.

केबल आणि थिंबल

मूळ कार्टमध्ये बहुधा ६ गेजची केबल असते, म्हणजे जेमतेम १३ स्क्वेअर एमएम तांबं. ४ गेज म्हणजे २१, २ गेज म्हणजे साडेतेहेतीसच्या आसपास. आपल्या बाजारात १६, २५, ३५, ५० आणि ७० स्क्वेअर मिळते. ४०० अँपच्या कंट्रोलरला ३५, ५००-६०० ला ५० किंवा ७०. मोटरचं वर्तुळ मिळून चार मीटर केबल धरली आणि ३०० अँप वाहत असले, तर ६ गेजमध्ये दीड व्होल्टहून जास्त पडतं आणि साधारण ४७० वॉट नुसते केबल तापवण्यात जातात. ३५ स्क्वेअरमध्ये तेच २०० वॉटवर येतं.

वेल्डिंग केबल या कामाला उत्तम, लवचीक आणि बारीक तारांची. फक्त ती तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही मिळते आणि तांब्याचा मुलामा दिलेलीही. तार कापून छेद बघा, आत पांढरी दिसली तर परत करा.

थिंबल तांब्याचं, कथिलाचा मुलामा दिलेलं. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळच्या गाड्यांत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं, तिथे हा मुलामा आणि गोंदवालं हीट श्रिंक दोन्ही हवंच. केबल थिंबलच्या नळीच्या खोलीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त सोला, तारा तळापर्यंत पोचल्या पाहिजेत. षटकोनी डाय असलेल्या हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने त्या मापाच्याच डायने दाबा. पक्कडीने चेपून वर सोल्डर ओतणं नको. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे केबल कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. शिवाय सांधा तापला की सोल्डर मऊ पडतं.

बसवताना क्रम महत्त्वाचा: आधी टर्मिनल, त्यावर थेट थिंबल, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. थिंबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर आला की सगळा करंट त्या वॉशरमधून जायला लागतो. एकाच स्टडवर दोन-तीन थिंबल असतील तर सगळ्यात जाड तळाशी. बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर ११ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे होतं, तरी बॅटरीवाल्याचा आकडा बघून घ्या. मोटरच्या स्टडवर मात्र दोन पाने लावा. आतला नट एका पान्याने धरून ठेवायचा आणि बाहेरचा दुसऱ्याने आवळायचा. एकाच पान्याने आवळलं तर स्टड फिरतो आणि आतली जोडणी तुटते, मग मोटर उघडण्यावाचून इलाज नाही.

सांधा चांगला आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच टेकवा, नटवर नाही. दुसरा थिंबलच्या नळीवर. दुसऱ्या माणसाला चढावर गाडी चालवायला सांगा आणि क्लॅम्प मीटरवर २०० अँप दिसत असताना आकडा वाचा. २० मिलिव्होल्ट म्हणजे सांध्याचा अवरोध ०.१ मिलिओहम आणि उष्णता ४ वॉट, ठीक आहे. २०० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम आणि ४० वॉट, एका नटाएवढ्या जागेत. तिथलं शिसं मऊ होतं, नट आणखी सैल पडतो, अवरोध वाढतो, आणि एक दिवस पोस्ट वितळून खाली बसतो. ४०० अँपवर हाच सांधा १६० वॉट काढतो. हाताने तपासायचं तर एक चढ चढून आल्यावर गाडी बंद करून, पॅक सोडून, प्रत्येक थिंबलजवळ हात न्या. बाकीच्यांपेक्षा एकच गरम लागला तर तोच उघडा.

फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचही याच वर्तुळातला आहे. त्याचे तांब्याचे कॉन्टॅक्ट निळसर-काळे पडलेले किंवा खड्डे पडलेले दिसले तर घासून वेळ मारून नेऊ नका. ४०० अँपच्या वर हेवी ड्यूटी स्विच किंवा रिव्हर्सिंग कॉन्टॅक्टरची जोडी लावा. आणि चालत्या गाडीत दिशा बदलायची सवय चालवणाऱ्याची मोडा, ते कॉन्टॅक्ट करंट तोडण्यासाठी बनवलेलेच नाहीत.

पायडलच्या बारीक वायरी

थ्रॉटलची, म्हणजे पायडल किती दाबलं ते सांगणाऱ्या भागाची, जात गाडीगणिक वेगळी. काही गाड्यांत ० ते ५ किलोओहमचं पॉट (पायडलबरोबर बदलणारा रेझिस्टर), काहींत ५ किलोओहम ते ०, बऱ्याच यामाहांत ० ते १ किलोओहम, ई-झी-गोत आयटीएस म्हणजे इंडक्टिव्ह सेन्सर, आणि नव्या क्लब कारमध्ये तीन वायरींचं एमकोर. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी तीच निवड करावी लागते. ५ ते ० च्या पॉटमध्ये वायरींचं शॉर्ट म्हणजे पूर्ण वेग, आणि ० ते ५ मध्ये वायर तुटणं म्हणजे पूर्ण वेग, जर कंट्रोलर तुटलेली वायर ओळखत नसेल तर. पॉट सोडवून ओहमवर ठेवा आणि पायडल अगदी सावकाश दाबा. आकडा सलग सरकला पाहिजे, मध्येच उडी मारली तर पॉट झिजलंय आणि गाडी धक्के देणार.

या वायरी मोटरच्या केबलांपासून दूर न्या, जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात. बी प्लस आणि एम मायनसच्या केबल मात्र एकमेकींना बांधून आखूड ठेवा. चावीच्या वायरीत ५ किंवा १० अँपचा फ्यूज घाला. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला पॅकचा मायनस जोडू नका. कार्टचा पॅक मोटारगाडीसारखा बॉडीला जोडलेला नसतो.

लिथियम पॅक असेल तर

१६ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक नाममात्र ५१.२ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्ट. नव्या कंट्रोलरची वरची मर्यादा यापेक्षा पुरेशी वर हवी. खरा घोळ बीएमएसचा, म्हणजे पॅकमधल्या सेलना जपणाऱ्या सर्किटचा. ४०० अँपचा कंट्रोलर आणि २०० अँपचा बीएमएस असेल तर पूर्ण जोरात बीएमएस तोडणार आणि गाडी रस्त्यात मृत होणार. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे: मोटर करंट ४०० राहू द्या, पण बॅटरी करंटची मर्यादा १८० वर आणा. सुरुवातीचा जोर मोटरच्या करंटवर येतो, तो तसाच राहतो, फक्त वरच्या वेगात थोडं कमी पडतं. खालची व्होल्टेज मर्यादाही बीएमएसच्या आधी येईल अशी ठेवा. बीएमएस सेलमागे २.५ व्होल्टला म्हणजे ४० ला तोडत असेल तर कंट्रोलर ४४ वरच आवरू लागला पाहिजे.

सेपेक्स आणि एसीमध्ये उताराचाही विचार करा. डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये रात्रभर चार्ज केलेली गाडी सकाळी पहिल्यांदा उतारावरच निघते. पॅक भरलेला, रिजनरेशनची वीज घ्यायला जागा नाही, बीएमएस चार्जिंग तोडतो, कंट्रोलरवर व्होल्टेज चढतं आणि तो फॉल्ट देऊन मोटरचं ब्रेकिंग सोडून देतो. अशा गाडीत चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा, रिजनचा करंट कमी करा, आणि मागचे ड्रम ब्रेक एकटे गाडी धरतात का ते आधी बघा. वेग वाढवलेल्या गाडीत तर ब्रेक आधी, कंट्रोलर नंतर. अमेरिकेत ताशी २० ते २५ मैल, म्हणजे ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या गाड्यांना १९९८ पासून वेगळा वर्ग आणि वेगळे सुरक्षा नियम लागू आहेत, ते उगाच नाही.

पहिल्यांदा चालू करताना

मागची चाकं जॅकस्टँडवर, पुढच्या चाकांना ओंडके. शेवटची मायनस केबल जोडण्याआधी तिच्या आणि पोस्टच्या मध्ये एक २५० ओहमचा रेझिस्टर धरून त्यावरचं व्होल्टेज बघा. चावी बंद असताना ते काही सेकंदांत शून्याकडे आलं पाहिजे. शून्याकडे न येता वरच अडकलं तर कुठेतरी उलटं किंवा शॉर्ट जोडलंय. कंट्रोलरला बी प्लस-बी मायनस उलटे लागले तर फ्यूज उडण्याआधीच तो जातो, म्हणून एवढी खबरदारी.

मग चावी, मग दिशा, मग पायडल अगदी हलकं. चाक हवेत असताना सीरिज मोटरचं पायडल तळापर्यंत कधीही दाबू नका. लोड नसलेली सीरिज मोटर वेग धरत जाते आणि आर्मेचरच्या तारा बाहेर फेकते. फक्त दिशा बघा आणि थांबा. चावी लावण्याआधी पाय पायडलवर असेल तर बरेच कंट्रोलर मुद्दामच चालू होत नाहीत. तो बिघाड नाही.

जुना कंट्रोलर खरंच मेलाय का हे बघायचं असेल तर केबल सोडून, कॅपॅसिटर रिकामे करून मीटर डायोडवर ठेवा. सीरिज कंट्रोलरवर लाल प्रोब बी मायनसला आणि काळा एम मायनसला: ०.३ ते ०.५ च्या आसपास आकडा यावा. प्रोब उलटे केल्यावर काही नाही. दोन्हीकडून शून्य आलं तर मॉस्फेट शॉर्ट. लाल एम मायनसला आणि काळा बी प्लसला धरला की फ्रीव्हील डायोडही तसाच कळतो.

कंट्रोलर ॲल्युमिनियमच्या सपाट पट्टीवर, थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन बसवा. प्लास्टिकच्या मूळ तबकडीवर ४०० अँपचा कंट्रोलर दोन चढांत तापतो आणि जोर आवरता घेतो, मग लोक त्याला खराब ठरवून परत पाठवतात. सॉफ्टवेअरमध्ये मोटर करंट सुरुवातीला ६० टक्क्यांवर ठेवून एक दिवस चालवा, सांधे तपासा, मग वाढवा. नव्या थिंबलांचे नट पहिल्या आठवड्यात एकदा आणि महिन्याने पुन्हा आवळा. शिशाच्या पोस्टवरचे तर नक्कीच, कारण शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं.